आमचं मत गेलं कुठे?

बास झालं आता! २०१९ला महाराष्ट्र विधानसभेसाठी मत दिलं. २३ नोव्हेंबरला सकाळी उठतो तर फडणवीस-अजित पवारांचा शपथविधी उरकलेला! जून २०२२मध्ये शिवसेनेचे फुटलेले आमदार आधी सुरतेत, मग गुवाहाटीच्या हॉटेलात. जुलै २०२३मध्ये विरोधी पक्षनेते अजित पवारच उपमुख्यमंत्री! एकदा तरी कुणी मतदाराला विचारलं? पक्षांतरबंदी कायदा १९८५पासून आहे ना? मग २०२२च्या फुटीचा निकाल विधानसभा अध्यक्षांकडून यायला जानेवारी २०२४ का उजाडावा लागतो? आणि त्यात एकही आमदार अपात्र नाही! वर हेच लोक प्रचारात ‘निष्ठा’ म्हणतात, तेव्हा अंगाचा तिळपापड होतो. माझी म्हातारी आई काठी टेकत जाऊन बोटाला शाई लावून आली होती हो. तिच्या मताचं काय केलंत, सांगा तिला!