नाक काय आज बसकं झालंय?

आज बेळगावच्या खडेबाजारात एका चकाचक चष्म्याच्या दुकानात गेलो होतो. तीन महिन्यांपूर्वी तिथूनच घेतलेला प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत लांबचंही दिसतं नि वाचताही येतं तो), पगाराचा चांगला लचका तोडून. तेव्हापासून दिवसातून शंभर वेळा वर ढकलतोय. काउंटरवरचा पोरगा माझ्याकडे धड बघितलाही नाही. "अंकल, तुमचं नाकच बसकं आहे वो, चष्मा काय करणार?" म्हणाला आणि नव्या फ्रेमचा ट्रे पुढे सरकवला.

अरे, विकलास तेव्हाही हेच नाक होतं की! बसकं दिसत होतं तर ही जाड प्लॅस्टिकची, नाकावर टेकायची पॅड फ्रेमलाच चिकटलेली फ्रेम गळ्यात का मारलीस? तारेवरच्या हलत्या पॅडची दाखवायची. ती चिमट्यानं आतबाहेर करता येतात, कसल्याही नाकावर बसतात.

तिथंच उभ्या उभ्या आप्पा आठवले. वडगावात आमच्या घरी माग होता. एक हात फणीच्या हात्याला, दुसरा धोट्याच्या दोरीला, पाय खाली पावड्यांवर. ताण्यातली, म्हणजे उभ्या धाग्यांतली, तार तुटली की वाकून जोडायची, आणि वाकले की चष्मा थेट ताण्यावर. हात मोकळा नाही म्हणून खांद्यानं वर ढकलायचे. शेवटी उरलेल्या रेशमाचा जांभळा दोरा दोन्ही काड्यांना बांधून डोक्यामागे गाठ मारली. साडीच्या काठाचाच रंग.

त्या दोऱ्याची मला लाज वाटायची. सातवीत असताना पालकसभेला ते तसेच आले, तर मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. असो.

मुद्दा काय, की चष्म्याचं वजन नाकावर असतं, पण त्याला धरून ठेवतो कान. काडीचं वळण कानाच्या वरच्या टोकापाशीच सुरू व्हायला पाहिजे. तिथून सेंटीमीटरभर मागे गेलं, की तेवढी जागा भरेपर्यंत चष्मा पुढे सरकणारच. प्लॅस्टिकची काडी गरम हवेवर धरायची, मऊ झाली की जुनं वळण सरळ करून नव्या जागी घालायचं. पाच मिनिटांचं काम. काडीच्या आत आकडेसुद्धा छापलेले असतात. माझ्या फ्रेमवर 54, 18, 145 आहेत: काचेची रुंदी, दोन काचांमधलं अंतर, काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. त्या पोराला ते कशाचे आकडे म्हणून विचारलं तर म्हणाला, "मॉडेल नंबर असेल."

मॉडेल नंबर!

आता कुणी म्हणेल, तू एका हातानं ओढून काढतोस, कधी घालूनच झोपतोस, फ्रेम वाकणारच. बायको म्हणालीच. खरं आहे. नाकावरचा घाम-तेल साबणानं धुतलं की घसरणं जरा कमी होतं, हेही मान्य. कानामागे लावायचे सिलिकॉनचे हूक मिळतात, तेही आणून बघितले. बरे आहेत, पण दुपारपर्यंत कान दुखतो.

आणि घसरला म्हणून काय बिघडलं, असं विचारू नका. प्रोग्रेसिव्हमध्ये वाचायचा भाग खालच्या बाजूला असतो. चष्मा खाली आला की तो आणखी खाली जातो, मग हनुवटी वर करून वाचायचं. संध्याकाळपर्यंत मान धरते. आमच्या पतसंस्थेत लोकांना वाटतं, साहेब नाक वर करून बोलतात. शेजारचे कन्नड अज्जा चष्म्याला 'कन्नडक' म्हणतात. त्यांचाही घसरतो, पण ते सरळ गॅलरीतून मला हाक मारून पेपर वाचायला लावतात.

राग त्या पोरावर आला खरा, पण आता लिहिता लिहिता वाटतंय, त्याला कुणी शिकवलंच नसेल. ट्रे पुढे सरकवायला तेवढं शिकवलंय.

घरी आल्यावर ट्रंकेतनं आप्पांचा चष्मा काढला. काच खरोखरची काच, हातात घेतली की वजन कळतं. आत्ताच्या प्लॅस्टिकच्या काचा त्याच्या निम्म्या वजनाच्या असतील. तेवढं ओझं नाकावर घेऊन त्यांनी साड्या विणल्या, आणि काड्या कुणी नीट वाकवून दिल्या नाहीत. दोरा अजून आहे. जांभळा विटून राखाडी झालाय, गाठीत मात्र आतून जुना रंग दिसतो. सोडवायला गेलो, सुटली नाही. विणकराची गाठ ती.

मग तोच दोरा डोक्यामागे अडकवून त्यांचा चष्मा घालून बघितला. दिसलं काहीच नाही, नंबर वेगळा. पण मान खाली घातली, हलवली, जाग्यावरनं हलला नाही. पोरगी दारातून बघून हसली आणि फोटो काढायला लागली. काढू दिला.

शहापूर-वडगावात काडी गरम करून नीट वाकवून देणारा कुणी जुना माणूस माहीत असेल तर खाली सांगा. नवी फ्रेम विकणारा नको.