निसर्गासाठी कर्जतला जमीन कशाला?

सध्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: मुंबईत निसर्ग उरलेलाच नाही, निसर्गाशी जुळवून जगायचं तर कर्जत-मुरबाडकडे जमीन घ्या, ऐपत नसेल तर निदान रोज कबुतरांना दाणे टाका, बाकी एकट्यादुकट्याने काही करून फरक पडत नाही. सकाळी सकाळी हे वाचून बरं वाटत असेल, पण यातला एकही मुद्दा टिकत नाही.

निसर्ग उरला नाही म्हणे! बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे आणि त्याच जंगलातल्या विहार-तुळशीचं पाणी आजही शहराच्या नळांना येतं. ठाणे खाडी रोहित पक्ष्यांमुळे २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. हे लांबचं वाटत असेल तर जूनच्या तोंडावर दादर स्टेशनबाहेर या. आदिवासी बायका शेवळं या रानभाजीच्या जुड्या मांडून बसलेल्या असतात. शेवळं कोणी पेरत नाही, पावसाची चाहूल लागली की ती आपणहून जमिनीतून वर येतात. निवडताना आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि शिजवताना काकडं, म्हणजे आंबट रानफळं घालायची, नाहीतर घशाला खाज सुटलीच म्हणून समजा. म्हणून शेवळांच्या शेजारी काकडांचे वाटेही असतात. कशी करायची ते विचारा, मावशी हातातलं काम न थांबवता सांगतील. मग टाकळा, कुर्डू, फोडशी, कंटोळी. चार महिने ऋतूप्रमाणे जेवायला सातबारा लागत नाही.

जमिनीचं थोडक्यात. डोंगराचा उतार कापायचा, बोअरवेल मारायची, लॉन लावायचं आणि दर शनिवारी एक्स्प्रेसवेवर तासन्‌तास गाडी हाकायची. हौस म्हणून जरूर करा, निसर्गसेवा म्हणून नको.

कबुतरांमागे भूतदया असते, श्रद्धाही असते, त्याची टिंगल करायची नाही. पण आयते दाणे मिळाले की थवे वाढतात, आणि त्यांची वाळलेली विष्ठा व पिसांचा बारीक कण श्वासातून जाऊन काहींना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस हा फुप्फुसांचा ॲलर्जीचा आजार होतो. फुप्फुसं कडक होत गेली की ती पूर्ववत होतीलच असं नाही. मुंबईतले कबुतरखाने बंद करायचा आदेश २०२५ मध्ये निघाला तो याच कारणाने. कबुतरं आपल्या दाण्यांवाचून उपाशी मरत नाहीत. पुण्यच हवं असेल तर आवारातल्या झाडाच्या बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक उखडून घ्या; मुळांना पाणी तरी मिळेल.

राहिला ‘एकट्याने काय होणार’ हा मुद्दा. हा सगळ्यात लाडका, कारण यात काहीच करावं लागत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, कारण हा माशांच्या विणीचा काळ. कोळीवाड्यात तर नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच बोट पाण्यात घालायची रीत जुनी. आपल्याला मात्र जुलैतही ताजं पापलेट हवं, तेही स्वस्तात. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. तळहातात मावणारी पिल्लं दिसली की ‘ही नको’ म्हणायचं आणि दोन महिने सुकट-बोंबलावर भागवायचं, एवढं एकट्या गिऱ्हाइकाला नक्की जमतं.

कचऱ्याचंही तेच. उद्यानाच्या कडेला उघड्यावर उष्टं पडलं की भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. त्याच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. मग आपणच ओरडतो, बिबट्या वस्तीत शिरला! दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, असं महापालिकेने २०१७ मध्ये बजावलं. खताचे ड्रम आले, उद्घाटनाचे फोटो निघाले, आणि बऱ्याच ठिकाणी ते जिन्याखाली जाऊन पडले. तुमच्याकडचे चालू आहेत का, ते आज खाली उतरून बघा. बंद असतील तर पुढच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींना विचारा.