काड्या करणारी संध्याकाळ

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या लहानशा उपाहारगृहात थायलंड आणि जपान हे दोन देश एकाच मेनूकार्डावर गुण्यागोविंदाने नांदतात. डाव्या पानावर तोम यम आणि हिरवी करी, उजव्या पानावर निगिरी (भाताच्या गोळ्यावर ठेवलेला माशाचा तुकडा) आणि माकी (समुद्री शेवाळात गुंडाळलेला भात), आणि मधल्या घडीत अडकलेला माझ्यासारखा माणूस.

परदेशी जेवणातला जाणकार म्हणून घरात माझी ख्याती आहे. ती मीच पसरवलेली असल्यामुळे टिकवण्याची जबाबदारीही माझ्यावरच येते. म्हणून वेटर चॉपस्टिक्सबरोबर काटा-चमचाही मांडू लागला, तेव्हा मी हात वर करून "राहू द्या, लागणार नाही," असे सांगितले. बायकोने मात्र एक शब्दही न बोलता आपला काटा-चमचा ठेवून घेतला.

तोम यम आले आणि त्याच्यासोबतच्या चमच्यामुळे माझी अब्रू काही काळ झाकली गेली. मात्र सूपमधले गवती चहाचे कांडे ही एखादी भाजी असावी अशा समजुतीने मी ते सुमारे पाच मिनिटे चावत होतो, आणि ते जसेच्या तसे राहिले. गवती चहा, थाई आल्याच्या चकत्या आणि मकरूत लिंबाची पाने केवळ स्वाद उतरावा म्हणून सूपमध्ये घालतात. "बाबा, ते बाजूला काढायचं असतं," असे मुलीने हळूच सांगितले तेव्हा त्यातली निम्मी पाने पोटात पोहोचली होती.

त्यानंतर निगिरी आली. चॉपस्टिक्स धरण्याचे शास्त्र सोपे आहे: खालची काडी स्थिर ठेवायची आणि फक्त वरची हलवायची. माझ्या हातात नेमकी खालची हलत होती. मोठ्या कष्टाने उचललेला घास सोया सॉसच्या वाटीत पडला, भाताने तो सॉस पिऊन घेतला, गोळा विरघळला आणि वरचा सामन मासा एकटाच तरंगू लागला. लक्ष दुसरीकडे वळावे म्हणून मी वसाबीवर, म्हणजे सुशीसोबतच्या त्या झणझणीत हिरव्या चटणीवर, व्याख्यान सुरू केले. बहुतेक ठिकाणी वसाबी म्हणून हॉर्सरॅडिश या तिखट मुळात मोहरी आणि हिरवा रंग मिसळून देतात, कारण खरी वसाबी महाग असते आणि किसल्यावर तिचा झणका साधारण १५ मिनिटांत उतरू लागतो, असे सांगता सांगता मी तो हिरवा गोळा अख्खा तोंडात टाकला. मिरची निदान जिभेवर बसून जाळते. हा प्रकार जिभेला न विचारता थेट नाकात चढतो. पुढचा अर्धा मिनिट मी कोणत्याच विषयाचा जाणकार नव्हतो.

हिरव्या करीबरोबरचा भात मोकळा, सुटसुटीत होता. तो चॉपस्टिक्सने एकेक शीत करून खाताना मला पाहून गल्ल्यावरच्या मालकीणबाईंना राहवले नाही. त्या जवळ येऊन अत्यंत अदबीने म्हणाल्या, "थायलंडमध्ये भात चमच्यानेच खातात. काट्याने चमच्यावर लोटायचा. चॉपस्टिक्स नूडल्सच्या सूपला लागतात." काटा-चमचा तिथे १९व्या शतकात राजदरबारातून रूढ झाला, म्हणजे मी परत पाठवलेला ऐवज चांगलाच खानदानी होता.

"पण निगिरी तरी..." मी केविलवाणा प्रयत्न केला.

"ती हातानेही खातात. उलटी करून मासा सॉसला लावायचा, भात नाही."

निगिरीची सुरुवातच मुळी जुन्या एदोतल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, रस्त्यावरच्या टपऱ्यांवर झाली होती. तिथे लोक उभ्या उभ्या ती बोटांनी उचलून खात. मी मुलीच्या बशीकडे पाहिले. ती रिकामी होती आणि मुलगी बोटे पुसत होती.

वेटरने मघाचाच काटा-चमचा आणून अगदी त्याच जागी ठेवला. नूडल्स येतील तेव्हा उपयोगी पडतील म्हणून मी चॉपस्टिक्स पुन्हा कागदी वेष्टणात नीट सरकवल्या. मग बायकोने आठवण करून दिली की नूडल्स आपण मागवलेल्याच नाहीत.