धुऱ्याला लावलेली काडी

आज सकाळी वावरात गेलो, तेव्हा आमच्या आणि शेजारच्या काकांच्या मधला धुरा, म्हणजे बांध, या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा पडलेला होता. बोरीच्या बुडाशी तितराची सात अंडी मी परवाच पाहिली होती. आज ती तडकून राखेत पडलेली दिसली. "कचराच होता बापू, वावर साफ झालं," असे काका म्हणाले. मी तिथे काहीच बोललो नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

ज्याला आपण कचरा म्हणतो, त्या पट्ट्यात रुईच्या पानांवर मावा ही रस शोषणारी बारीक कीड असते. त्या माव्यावर ढालकिडे (लेडीबर्ड) जगतात, तर माव्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड द्रवासाठी मुंग्या त्याची गुरांसारखी राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावून लावतात. पुढे पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, मावा आला की हेच ढालकिडे आपल्या वावरात उतरतात. ट्रायकोग्रामा नावाची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी गांधीलमाशी तर बोंडअळीच्या अंड्यातच आपले अंडे घालते, त्यामुळे त्या अंड्यातून अळी बाहेर पडतच नाही. या माशीला स्वतः जगायला फुलांतला मध लागतो, आणि पऱ्हाटी फुलावर येईपर्यंत तो तिला धुऱ्यावरच्या रानफुलांत मिळतो. या सगळ्यांपैकी कोणीही आपल्याकडे कधी मजुरी मागितलेली नाही.

अर्थात, मला शहाणपण शिकवण्याचा फारसा अधिकार नाही, कारण मीही एक पुडी फेकलेली आहे. झाडातच बोंडअळीला मारणारे विष असलेल्या बीटी कापसाच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साध्या, बिगर-बीटी बियाण्याची वेगळी पुडी मिळत असे. ती वावराच्या कडेने पेरायची असे. आमच्या गावात ती कोणीच पेरत नव्हते. मीही वर्षानुवर्षे ती उकिरड्यावर टाकली. अळीसाठी म्हणून मुद्दाम कापूस लावायचा, हे ऐकून आम्ही हसत होतो.

त्या पुडीचे काम मला फार उशिरा कळले. बीटीच्या विषालाही पुरून उरलेल्या मोजक्या पतंगांना जोडीदार मिळावेत ते साध्या कापसावर वाढलेले, म्हणजे त्यांची बहुतेक संतती पुन्हा त्या विषाला बळी पडते. साधा कापूसच नसेल, तर उरलेले पतंग आपसांतच जोड्या जमवतात आणि दरवर्षी अधिक चिवट होत जातात. २०१७ च्या हंगामात बोंडे फोडली, तर आत गुलाबी अळी बसलेली होती, आणि अळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. हे आठवले की मला काकांपेक्षा स्वतःचाच अधिक राग येतो.

धुऱ्यावरचे तण वावरात शिरते, तिथे साप असतो, निंदायला मजूर मिळत नाही आणि काडी फुकट पडते, हे सगळे मान्य. गुलाबी अळी जुन्या पऱ्हाट्यांत दडून राहते, म्हणून त्या वेळेवर उपटून वावराबाहेर काढायच्या आणि फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर तीच झाडे राखून घेतलेले पुढचे पीक, घ्यायची नाही, हेही मान्य. पण बोर, रुई आणि तरोटा म्हणजे पऱ्हाट्या नव्हेत. एवढा फरक आयुष्यभर शेती केलेल्या माणसाला कळू नये काय?

कळत असेलही. काकांचे वय सत्तरच्या पुढे आहे, मुलगा पुण्याला असतो, आणि वाकून धुरा साफ करणे त्यांच्या गुडघ्यांना आता झेपत नाही. मी पुडी फेकली तेव्हा तर माझे गुडघे धडधाकट होते. शिवाय तो धुरा अर्धा माझाही आहे, आणि कोणते झुडूप ठेवायचे, कोणते काढायचे, हे सांगायला मी या दहा वर्षांत एकदाही त्यांच्या अंगणात गेलेलो नाही.

आज सायंकाळी जाणार आहे. भांडायला की बोलायला, ते अजून ठरलेले नाही. पहिल्या पावसानंतर त्या काळ्या पट्ट्यावर टाकायला अर्धा किलो चवळी मात्र काढून ठेवली आहे.