मामा, ती पिशवी उघड

गोव्यातल्या डिचोलीच्या मामाने माती तपासून घेतली, कार्डावर जस्त (म्हणजेच झिंक) ०.४ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ०.४ भाग आलं, म्हणून भाताला टाकायला झिंक सल्फेट खत आणलं. पंधरा दिवस पिशवी पडवीत पडून आहे. कारण घरच्या ग्रुपवर आलेला फॉरवर्ड: ‘झिंक म्हणजे उंदीर मारायचं विष. तेच तांदळात उतरतं. जमीन कायमची मरते. घरात शेणखत असताना झिंक ही कंपन्यांची लूट.’ खाली जोडलेले हात. माती तपासणारा माणूस याला घाबरला!

उंदरांचं औषध ते झिंक फॉस्फाइड. काळपट भुकटी. उंदराच्या पोटातल्या आम्लाने तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि तो वायू उंदराला मारतो. शेतात टाकतात ते झिंक सल्फेट, पाण्यात विरघळणारे पांढरे खडे. नावात झिंक आहे म्हणून दोन्ही एकच म्हणायचं, तर मोरीत ओतायच्या कॉस्टिक सोड्यात आणि माशाच्या हुमणातल्या मिठात सोडियमच आहे. हुमण अळणी खाणार?

आणि मामा, गेल्या पावसात नातवाला जुलाब लागले तेव्हा ओआरएसबरोबर चौदा दिवस गोळी विरघळवून पाजलीस, ती कसली होती? रिकामं पाकीट फडताळात असेल तर वाच. झिंक सल्फेट. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २००४ साली हेच सांगितलं, तेव्हाची मात्रा: रोज २० मिलिग्रॅम, सहा महिन्यांखालच्या बाळाला १०. (खताची पिशवी चाटायची नाही, हेही या ग्रुपवर सांगून ठेवलेलं बरं.)

जमीन मरते म्हणे. शिफारस हेक्टरी २५ किलोची, म्हणजे आपल्या हिशेबाने हजार चौरस मीटरला अडीच किलो. तेही एकदा टाकलं की दोन-तीन पिकं बघावं लागत नाही. पोतीच्या पोती ओतलीस तर बिघडेल, पण तेवढे पैसे तू खर्च करणार नाहीस.

कंपन्यांची लूट? १९६६ साली पंतनगरच्या सरकारी कृषी विद्यापीठातल्या डॉ. य. ल. नेने यांनी दाखवून दिलं की तराईतल्या, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या, भाताची पानं तांबारून रोपं खुजी राहतात, तो ‘खैरा’ रोग म्हणजे जस्ताची उणीव. झिंक सल्फेट दिलं की पीक सावरतं.

शेणखताचं अर्धं खरं आहे, मान्य. त्यात थोडं जस्त असतं, आणि आपल्या जांभ्याच्या आंबट मातीत बऱ्याच जागी ते कमी पडत नाही. शिवाय या मातीत लोह जास्त झालं तरी पानं तांबारतात, तेव्हा नुसत्या रंगावरून झिंक टाकत सुटू नये. पण तुझ्या खालच्या कुणग्यात (शेताच्या तुकड्यात) पाणी तुंबून राहतं. तशा चिखलात असलेलं जस्तही रोपाला नीट मिळत नाही. आणि ०.६ च्या खाली म्हणजे उणीव, तुझं ०.४ आहे.

परवा चिखलणी आहे ना? शेवटच्या चिखलणीला टाक. डीएपी या स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) खताबरोबर एकाच घमेल्यात मात्र कालवू नकोस, स्फुरद जस्ताला बांधून टाकतो. दोन्ही वेगवेगळ्या वेळी टाक.