‘सांगायचं असेल त्याला प्रॉम्प्ट लागत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचली तेव्हा दोन ओळींत उत्तर देऊन विषय संपवणार होते. पण नंतर दिवसभर ती डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘आत’ या एका शब्दावरून हातकागदाची वही कशी बांधली आणि तिच्या पानांवर कापड कसं शिवलं, यावर मागचा लेख होता. कामाला सुरुवात करायला दुसऱ्याने दिलेला असा शब्द म्हणजे प्रॉम्प्ट. त्याखाली तुम्ही लिहिलंत : ‘ज्याला खरंच काही सांगायचं असतं त्याला प्रॉम्प्ट लागत नाही. खरे कलावंत चिठ्ठ्या काढून काम करत नाहीत. रिकामा वेळ असला की असले उद्योग सुचतात. चिंध्या चिकटवणं छंद म्हणून चालू द्या, ताई, पण त्याला कला म्हणू नका.’ त्यापुढे कागदाचा ग्रेन (म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा), चहाने रंगवलेली पानं आणि जाड दोरा असे तीन तांत्रिक आक्षेप होते.

मतभेदाचं मला वावडं नाही. माझ्या लेखांखाली लोकांनी माझे टाके, माझे रंग, माझी बांधणी, सगळ्यावर टीका केली आहे आणि त्यातून मी शिकलेही आहे. पण ‘चालू द्या, ताई’ हा सूर कशासाठी? मी परवानगी मागायला आले नव्हते. तुम्हाला बांधणीतलं कळतं हे तुमच्या शेवटच्या तीन वाक्यांवरून दिसतंच. मग तेवढंच लिहिलं असतंत तर आपली छान चर्चा झाली असती. आधी माणसाला खाली बसवायचं आणि मग त्याला शिकवायचं, ही पद्धत मला शाळेतही आवडली नव्हती.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल. तुमच्या प्रतिक्रियेच्या अगदी वर एका मुलीने तिच्या पहिल्या वहीचा फोटो टाकला होता. साधी तीन भोकांची शिलाई, थोडी तिरकी, पण तिने ती एकटीने, कुणाला न विचारता केली होती. तुमचे शब्द तिला उद्देशून नव्हते, हे मान्य. तरी संध्याकाळपर्यंत तिने फोटो काढून टाकला. मला जे लागलं ते मी सोसेन. तिच्या बाबतीत मात्र मला तुमचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

आता तुमच्या पहिल्या वाक्याकडे येते.

मी काही वर्षं जाहिरातींसाठी चित्रं काढायचं काम करत होते. मग सासूबाईंना विस्मरणाचा आजार झाला आणि ते काम सुटलं. त्या काळात माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं असं तुम्हाला वाटतं का? इतकं होतं की कोरं पान उघडलं की कुठून धरावं तेच कळायचं नाही. ज्या बाईने मला घरातला प्रत्येक कोपरा दाखवला होता ती मलाच ‘तुम्ही कोण’ म्हणून विचारत होती. हे कसं काढायचं? कुठल्या रंगात? वह्या आणून ठेवलेल्या होत्या, त्या कोऱ्याच राहिल्या. आणि तुम्ही ज्याला रिकामा वेळ म्हणता तो म्हणजे त्यांचा डोळा लागल्यावर मिळणारी दहा-पंधरा मिनिटं. ती काय करावं हे ठरवण्यातच संपायची.

एका मैत्रिणीला हे कळलं. ती दर सोमवारी फोनवर एक शब्द पाठवायला लागली. ‘कड.’ ‘उसवलेलं.’ ‘आत.’ बाकी काही नाही. त्या शब्दाने मला विचार दिला नाही, विचार माझ्याकडे ढिगाने होते. त्याने फक्त ‘कुठून’ हा प्रश्न मिटवला. म्हणून तुमचं वाक्य मला उलटं दिसतं. ज्याच्याकडे सांगण्यासारखं थोडं असतं तो सरळ बसून ते सांगून मोकळा होतो. ज्याच्या गळ्याशी खूप काही दाटून आलेलं असतं त्यालाच असं एक लहानसं टोक लागतं, ओढायला.

‘आत’ आला त्या आठवड्यात मी सासूबाईंच्या जुन्या गाऊनचा खिसा उसवला. बाहेरचं कापड धुऊन धुऊन राखाडी झालं होतं, आणि खिसा काढल्यावर त्याच्या मागे मूळचा गडद निळा चौकोन निघाला, अगदी कोरा. कडेने जुन्या शिवणीची भोकं ओळीने तशीच होती. मी तो चौकोन कापून घेतला, पानावर ठेवला आणि त्याच जुन्या भोकांतून धावदोरा घातला. कापडाला एकही नवं भोक पाडलं नाही. तुम्ही ज्याला ‘चिंध्या चिकटवणं’ म्हणालात तो हाच फोटो. ते चिकटवलेलं नाही, शिवलेलं आहे, आणि फोटो मोठा करून पाहिला असतात तर टाके दिसले असते.

शिवलेलं आणि चिकटवलेलं यात फरक का पडतो, तेही सांगते. कापडातून सुई जाते तेव्हा उभे-आडवे धागे बाजूला सरकतात. टाका उसवून नखाने घासलं की बहुतेक वेळा ते परत जागेवर येतात. कागद तसा सरकत नाही. त्याचे तंतू एकमेकांत घट्ट बसलेले असतात, सुईने ते तुटतात आणि भोक कायमचं राहतं. म्हणून कागदावर शिवताना आधी आखणी करून दाभणाने भोकं पाडून घ्यावी लागतात. मागून अंदाजाने सुई खुपसली तर पानाच्या दर्शनी बाजूला नको तिथे भोक उठतं. भोकं फार जवळजवळ घेतली तर पान त्या रेषेवर फाटतं. साखळी टाका एरवी मला फार आवडतो, पण पातळ कागदावर मी तो टाळते, कारण त्यात दोरा त्याच भोकातून पुन्हा परत जातो आणि भोक मोठं होतं. प्रत्येक टाका आधी ठरवावा लागतो, कारण तो मागे घेता येत नाही. शब्द दुसऱ्याने दिला म्हणून यातलं काहीच आपोआप होत नाही.

‘खरे कलावंत चिठ्ठ्या काढून काम करत नाहीत’ हे तर साफ चुकीचं आहे. संगीतकार ब्रायन ईनो आणि चित्रकार पीटर श्मिट यांनी १९७५ मध्ये अशा चिठ्ठ्यांचा एक संचच काढला होता. काम अडलं की एक पत्ता काढायचा आणि त्यावरची सूचना पाळून पुढे जायचं. गायक डेव्हिड बोवीबरोबर ध्वनिमुद्रण करताना ईनोंनी ते पत्ते प्रत्यक्ष वापरले. १९६० मध्ये फ्रान्समध्ये लेखक रेमों क्नो आणि फ्रांस्वा ल लियोने यांनी ऊलिपो हा गट काढला, तो तर मुद्दाम बंधनं घालून लिहिण्यासाठीच. ही माणसं तुमच्या यादीत बसत नसतील तर ती यादी एकदा तपासून पाहा.

पण मला खरी आठवण झाली ती एका मोलकरणीची. इंग्लंडमधली एलिझाबेथ पार्कर. तिथे त्या काळी मुलींना शिवण शिकवताना नमुन्याचं कापड करायला लावत : मुळाक्षरं, आकडे, कडेला नक्षी, एखादं सुवचन. सगळ्यांना जवळपास तेच. दिलेलं काम, म्हणजे नुसतं ठिपके जोडणं. एलिझाबेथने १८३० च्या सुमारास तसंच लिननचं कापड घेतलं, लाल रेशीम ओवलं आणि फुलीच्या टाक्यांनी ओळीमागून ओळ आपली कहाणी भरली. मालकाने केलेला छळ, जीव द्यावासा वाटला ते, देवाची भीती, सगळं. नक्षी नाही, चौकट नाही. सुरुवातीलाच तिने सांगून टाकलं आहे की मला लिहिता येत नाही म्हणून हे असं मांडते आहे. आणि शेवटी, माझ्या आत्म्याचं काय होणार असं विचारताना मजकूर मध्येच थांबतो. खाली कापड कोरं आहे. आज ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

तिला सांगायचं नव्हतं? अक्षरं भरायची सवय त्या नमुन्यांनी तिच्या बोटांना लावली होती. तोच ठरलेला साचा तिने उचलला आणि त्यात असं काही भरलं की ते कुठल्याही शिक्षिकेने सांगितलं नसतं. दिलेल्या कामातून स्वतःचं निघतं का, या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर माझ्याजवळ नाही. माझी वही तिच्या पंक्तीला बसते असं मी म्हणत नाही. पण तुम्ही जो नियम सांगितलात तो लावला तर तीही बाद होते, आणि असा नियम मी मानणार नाही.

कला म्हणायचं की छंद, यावर मी वाद घालत नाही. तुम्ही हवं ते म्हणा.

राहिले तांत्रिक आक्षेप. ग्रेनचा उल्लेख लेखात नव्हता, हे खरं. नवख्यांसाठी असायला हवा होता, तेवढं तुमचं मान्य. यंत्रावरच्या कागदात तंतू बहुतांशी एका दिशेने बसतात, म्हणून घडी त्या दिशेला समांतर आणि ती दिशा वहीच्या पाठीला समांतर ठेवायची. ताव हलकेच दुमडून पाहिला की कळतं, ज्या बाजूने तो कमी अडतो तो ग्रेन. पण माझी वही हातकागदाची होती. तो साच्यात उचलताना साचा पुढे-मागे आणि आडवाही हलवतात, त्यामुळे तंतू सगळीकडे पसरतात आणि ठळक ग्रेन राहत नाही. तेव्हा तुमचा हा आक्षेप त्या वहीला फारसा लागूच होत नाही.

चहाच्या पानांचं म्हणाल तर आम्लामुळे कागद लवकर ठिसूळ होतो हे मला ठाऊक आहे. ती पानं मी तशी ठेवली, मला ती तशी हवी होती. त्यावर जास्त बोलायचं नाही.

जाड दोऱ्याबद्दल मात्र तुम्ही घाई केलीत. दोरा जाड असला की प्रत्येक जुजामागे (जुज म्हणजे एकात एक घालून शिवलेल्या दुमडलेल्या पानांचा गठ्ठा) पाठ थोडी थोडी फुगते, म्हणून साध्या वहीला बारीक दोरा वापरतात, हे बरोबर. पण ज्या वहीच्या पानांवर कापड शिवलेलं असतं ती पुढच्या कडेला जाड होते. पाठ बारीक ठेवली तर अशी वही मिटतच नाही, पुठ्ठे तोंड वासून राहतात. पाठीलाही तेवढीच जाडी द्यावी लागते, म्हणून मी मेण लावलेला १८/३ चा जाड लिननचा दोरा घेतला, २५/३ चा बारीक नाही. पुढच्या वहीत कापड आणखी जाड असणार आहे, तेव्हा नुसता दोरा पुरणार नाही. जुजांच्या मध्ये पाठीकडे कागदाच्या अरुंद पट्ट्याही शिवून घेणार आहे. त्यांची मापं पुढच्या लेखात देईन.