दीड इंच माया

परवा कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानात माझ्या पुढं एक मुलगी उभी होती. वीस-बावीस वर्षांची असेल. कुर्ता घालून बघून नुकतीच बाहेर आलेली. दंडाला घट्ट होत होता, बाकी सगळं झकास बसलं होतं. तिनं विचारलं, "जरा सैल करून मिळंल काय?" दुकानातल्या माणसानं कुर्ता उलटा केला आणि काखेतली शिवण दाखवली. कडेचे धागे सुटू नयेत म्हणून घातलेल्या ओव्हरलॉकच्या जाळीपलीकडं पाव इंचसुद्धा कापड नव्हतं. "ताई, ह्यात कायच न्हाई ओ. डबल एक्सेल बघा." डबल एक्सेल खांद्यावरून उतरत होता. शेवटी ती कुर्ता घडी घालत आईला म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मी दंडच कमी करतो आता."

मला तिला थांबवून सांगायचं होतं, बाळ, तुझ्या दंडात काही दोष नाही, त्या कुर्त्यात माया नाही. पण अनोळखी पोरीला भर दुकानात असं कसं सांगणार? गप्प बसले. दोन दिवस तिचं ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून इथं लिहितेय.

ज्यांनी कधी सुई धरली नाही त्यांच्यासाठी सांगते. माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जादा कापड. ब्लाऊजला दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच, बाहीला इंचभर, खालच्या दुमडीत दोन इंच. बाहेरून ते दिसत नाही. पण बाळंतपण झालं, थायरॉइड निघाला, पन्नाशी आली, आजारपणात वजन उतरलं, की बाजूची टीप उसवायची आणि अर्धा इंच आत किंवा बाहेर नवी टीप मारायची. ब्लाऊज तोच राहतो. कारखान्यात एका वेळी शेकड्यांनी नग कापतात, तिथं नगामागं दोन इंच वाचले तरी ताग्यामागं मोठी बचत होते. त्यांचा हिशेब मला कळतो. पण तो हिशेब शेवटी आपल्या अंगावर येतो. कपडा बदलत नाही म्हटल्यावर अंगच बदलायला पाहिजे, असं वीस वर्षांच्या पोरीला वाटायला लागतं.

हे मला पहिल्यापासून कळत होतं असं नाही. 2007 साली धाकट्या बहिणीचं लग्न होतं. मी तेव्हा नुकती शिवायला लागले होते आणि हात शिवशिवत होते. आईनं ट्रंकेतला ठेवणीतला खण काढून दिला, गर्द जांभळा, लाल काठाचा. खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, अरुंद. काठ बाहीवर आणायचा तर बाकीचे भाग जेमतेम बसतात. मी कागदावर आकृती काढली, चौतीस छाती, तिचा चौथा भाग साडेआठ, शिवणीपुरतं अर्धा इंच, की लाव कात्री. कापड पुरवायच्या नादात सगळीकडं नेमकं माप घेतलं. हळदीच्या आदल्या रात्री बहिणीनं ब्लाऊज घातला आणि हूक लागेनात. मध्ये चांगली तीन बोटांची फट. घर पाहुण्यांनी भरलेलं, बाहेर मुहूर्तमेढीची गडबड, आणि मी माजघरात ब्लाऊज धरून रडत बसलेली.

आईनं ब्लाऊज हातात घेतला, उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला. "माया न्हाई ठेवलीस व्हय गं?" एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "रडू नको. कातरण कुठं हाय? मी बघतो." कातरणाच्या पिशवीतून तिनं दोन चिटुकले तुकडे शोधले, त्रिकोणी कापले आणि दोन्ही काखांत कळ्या घातल्या. हातानं, बल्बच्या उजेडात, रात्री दीडपर्यंत. बहिणीनं हळदीला तोच ब्लाऊज घातला. कळीच्या तुकड्यावर खणाची नक्षी आडवी पडलीय. फोटोत बहीण हात वर करून हसतेय, आणि आजही माझी नजर आधी त्या काखेत जाते.

आई शिवायला शिकली ती आजोबांमुळं. आजोबा शाहू मिलमध्ये होते. 1906 साली शाहू महाराजांनी काढलेली ती मिल, आता तिथं भोंगा वाजत नाही, पण जुन्या कोल्हापुरात अजून घराघरांत कुणीतरी मिलवाला निघतो. आजोबांना शिवता येत नव्हतं, कापड मात्र त्यांना असं कळायचं, जसं शेतकऱ्याला रान कळतं. ते म्हणायचे, उभा धागा ताणत नाही, आडवा थोडा देतो, तिरपा वाटंल तेवढा देतो. कापायच्या आधी सुती कापड काठाला चिरा देऊन फाडून बघायचं, कारण कात्री वाकडी जाईल पण फाटताना कापड आपल्या धाग्यानंच जातं. दुकानदारानं कापून दिलेली कड सरळ आहे असं धरून चालायचं नाही. फाडून बघितलं तर कधी कधी एका टोकाला दोन-दोन इंच तिरकी निघते.

हे ऐकूनही मी एकदा कापड वाचवायला पलाझो आडव्या धाग्यावर बेतला. शिवून झाला तेव्हा सुरेख दिसला. तीन धुण्यांत गुडघ्याला पोंगा आला आणि एक पाय पिळवटून शिवण पुढं आली. तेव्हापासून कापडावर आधी खडूनं उभ्या धाग्याचा बाण काढते, मगच बाकीचं.

आजोबांनी आईला घेऊन दिलेलं पायडलचं मशीन आज माझ्याकडं आहे. माहेर चिखलीचं, पंचगंगेच्या काठावर. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी घरात शिरलं तेव्हा जनावरं, कागदपत्रं आणि म्हातारी माणसं बाहेर काढता काढता पुरेवाट झाली, मशीन राहिलं. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो तर फळी फुगून तिचे पापुद्रे सुटलेले, काळ्या डोक्यावरची सोनेरी वेलबुट्टी गेलेली, आणि चाक जागचं हलेना. शटलच्या खोबणीत गाळ वाळून दगड झाला होता. भाऊ म्हणाला भंगारात जाऊ दे. आई काही बोलली नाही, नुसती मशीनपाशी जाऊन उभी राहिली.

मी ते डोकं गाडीत घालून घरी आणलं. रॉकेल, जुना टूथब्रश, गोधडीची जाड सुई. एकेक स्क्रू काढून वाटीत ठेवायचा, खोबणीतला गाळ सुईनं उकरायचा, पुन्हा रॉकेल. तीन दिवस रॉकेल नुसतं तांबडं निघत होतं. चौथ्या दिवशी तेल सोडलं, हातानं चाक ढकललं, आणि ते कुरकुरत अर्धा फेरा फिरलं. मग पाऊण, मग पूर्ण. सुई खाली गेली आणि बॉबिनचा दोरा घेऊन वर आली. मी त्याच क्षणी आईला फोन लावला आणि मशीनचा आवाज ऐकवला. सुताराकडून नवी फळी आणि नवा चामडी पट्टा घालून ते उभं केलं. 2021 ला पुन्हा पाणी आलं तेव्हा मशीन आमच्याकडं वरच्या मजल्यावर होतं.

आता पैशाचं. कुणी सांगत असेल की घरी शिवलं की पैसे वाचतात, तर ते अर्धंच खरं आहे. 44 इंच पन्ह्याचं बऱ्यापैकी सुती कापड कुर्त्याला अडीच मीटर, वर अस्तर, दोरा, बटणं, म्हणजे माझे सहाशेच्या आसपास जातात. तेवढ्यात, कधी त्याहून कमीत, महाद्वार रोडला तयार कुर्ता मिळतो. वर माझे सहा-सात तास. वाचतात ते ब्लाऊजला, परकराला, गाऊनला, अभ्रे-पडद्यांना, आणि सगळ्यात जास्त दुरुस्तीला. शर्टाची कॉलर आणि पँटची चेन मी सोडून दिली, त्या कामाला मुरलेला हात लागतो. आणि या कामाचा त्रास होतो, तोही सांगायला पाहिजे. मान धरते. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्यानं रात्री टीप घातली तर सकाळी उजेडात ती सापासारखी गेलेली दिसते. कपाटात चार अर्धवट कपडे कायम पडलेले असतात आणि दार उघडलं की ते आपल्याकडं बघतात.

कापडाचंही ऐकून ठेवा. मुलीच्या परकर-पोलक्याला मी एकदा लाल अस्तर घेतलं. दुकानदार शपथेवर म्हणाला रंग जाणार नाही. पहिल्याच धुण्यात मोतिया रंगाचं पोलकं गुलाबी डागांनी भरलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण चूक माझीही होती. कापायच्या आधी कापड रात्रभर पाण्यात ठेवायचं आणि सावलीत वाळवायचं, हे मला माहीत असून मी घाई केली. सुती कापड आटतं आणि कच्चा रंग सुटतो, ते आपल्या बादलीत व्हायचं ते होऊ दे, मग कात्री लावा.

तसं बघितलं तर कापडाच्या बाबतीत आपण कोल्हापूरकर नशीबवान. एका बाजूला इचलकरंजी, जिथं 1904 साली पहिला यंत्रमाग बसला आणि पुढं गावच मागांच्या आवाजावर जगायला लागलं. दुसऱ्या बाजूला गांधीनगर, फाळणीनंतर सगळं मागं टाकून आलेल्या सिंधी कुटुंबांनी उभी केलेली कापडपेठ. इतकं कापड उशाशी, आणि घराघरांतल्या मशीनवर मात्र टीव्ही ठेवलेला, नाहीतर इस्त्रीच्या कपड्यांची चळत. मला ते बघवत नाही. पूर्वी लग्नात लेकीला मशीन द्यायचे, ते शोभेसाठी नव्हतं. त्याच्यावर कितीतरी बायकांनी पोरांच्या फिया भरल्यात.

म्हणूनच मला "दोन टिपाच तर मारायच्यात" हे वाक्य सहन होत नाही. दोन टिपा मारायला आधीच्या दोन उसवाव्या लागतात. जुना दोरा टोकानं एकेक उचकटायचा, कापडाला भोक पडू द्यायचं नाही, इस्त्री करायची, रंगाचा दोरा शोधायचा, मग त्या दोन टिपा. गल्लीतल्या बायका शेजारणीला हे फुकट करायला सांगतात आणि त्याच बायका हॉटेलात पांढऱ्या-तांबड्या रश्श्याचं बिल न बघता देतात. माझं स्पष्ट मत आहे, शेजारीण असली तरी पैसे द्या, आणि शिवणारीनं लाजू नये, मागून घ्यावेत. आमच्या कोपऱ्यावरचे टेलरमामा अस्तराच्या ब्लाऊजचे सहाशे घेतात. लोक कुरकुरतात. मला एक कटोरी ब्लाऊज, म्हणजे छातीला वाटीच्या आकाराचे तुकडे जोडलेला, नीट करायला दोन संध्याकाळी लागतात, हे कळल्यापासून मी मामांशी कधी घासाघीस केली नाही. त्यांचा मुलगा या धंद्यात आला नाही. मामांचा हात थांबला की या गल्लीत माया ठेवून कापणारं कुणी उरणार नाही.

मामा ब्लाऊजच्या बाजूला तीन टिपा घालतात, एकमेकींपासून पाव-पाव इंचावर. आई पण तेच करायची. गेल्या वर्षी आई आजारी पडली, चांगलीच वाळली. तिचे सगळे ब्लाऊज खांद्यावरून घसरायला लागले. मी एक पांढरा रुबियाचा ब्लाऊज उलटा करून बसले तर आत टिपांच्या खुणा दिसल्या. एक जुनी, उसवलेली, नुसती भोकांची रांग. त्याच्या बाहेर दुसरी, माझ्या बाळंतपणासाठी ती आमच्याकडं तीन महिने राहिली तेव्हाची, तिनं माझ्याच मशीनवर घातलेली, निळसर दोऱ्याची, कारण तेव्हा घरात पांढरा संपला होता. मी तिसरी टीप घातली, सगळ्यात आत, त्या पहिल्या भोकांच्याही आत. घालून बघितल्यावर तिनं दोन्ही हात वर केले, खाली घेतले आणि म्हणाली, "बसला बघ." जादा कापड मी कापलं नाही. ती परत भरून आली की टीप बाहेर घ्यायचीय.

मुलांना शाळेत एवढं तरी शिकवा असं मला फार वाटतं. पोरगा असो वा पोरगी. ब्लाऊज बेतता नाही आला तरी चालेल, बटण लावणं, उसवणं आणि एक सरळ टीप मारणं प्रत्येकाला आलं पाहिजे. माझा मुलगा स्वतःच्या पँटची खालची दुमड स्वतः सोडतो. उंची वाढली म्हणून नवी पँट घ्यायची त्याच्यावरची वेळ दोनदा टळली.

त्या दुकानातल्या पोरीपर्यंत ही पोस्ट पोचंल की नाही, माहीत नाही. पण जिला शिकायचंय तिनं रविवारी दुपारी आमच्याकडं यावं. फी नाही. इनबॉक्समध्ये लिहा, पत्ता देते. एका वेळी चौघीच बसतील, खोली लहान आहे. स्वतःची कात्री आणा, कापडाची, कागद न कापलेली. नवीन कापड आणू नका. कपाटातला असा एक ब्लाऊज किंवा कुर्ता आणा जो आवडतो पण आता होत नाही. आधी तो उलटा करून बघू, आत किती कापड आहे.